डोरी, पाश्चरची कोंबडी आणि आपण

भायखळ्याच्या राणीच्या बागेत जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरात त्यातली दीड वर्षाची डोरी गेली. कारण सांगितलं गेलं: जिवाणूंचा संसर्ग, यकृत निकामी. आणि मुंबईभर वाद पेटला, बर्फातला पक्षी इथल्या उकाड्यात आणलाच कशाला?

आता गंमत बघा. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला नाहीच मुळी. पेरू आणि चिलीच्या उजाड, कोरड्या किनाऱ्यावर राहणारा पक्षी हा. थंड असतो तो तिथला समुद्र. बागेतली त्यांची जागाही १६ ते १८ अंशांवर ठेवलेली. म्हणजे उकाडा बाद. मग राहिला जंतू. पण ‘जंतूने मेली’ एवढं उत्तर पुरतं का? मला तरी पुरत नाही.

१८७८ साली लुई पाश्चरला असाच प्रश्न पडला होता. कोंबड्यांना अँथ्रॅक्स का होत नाही? त्याने कोंबडीला जंतू टोचले आणि तिला गार पाण्यात अर्धवट बुडवून ठेवलं. मेली. नुसते जंतू टोचलेली जगली, नुसती गार पाण्यात ठेवलेलीही जगली. एक तर आजारी पडल्यावर पाण्यातून काढून ऊब दिली, तर चक्क बरी झाली! पाश्चरने श्रेय तापमानाला दिलं. मला त्यात आणखी काही दिसतं: जंतू तोच, कोंबडी तशीच, बदलली होती ती तिची अवस्था.

पाश्चरच्याच संस्थेतून आलेल्या हाफकिनने प्लेगची लस बनवली ती भायखळ्यातच, ग्रँट मेडिकल कॉलेजात. १८९७ मध्ये भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. कोंडलेल्या माणसाच्या अंगात काय चाललेलं असतं, हे विचारायला तेव्हा वैद्यकात शब्दच नव्हता. तो यायला हान्स सेल्ये यावा लागला. त्याने १९३६ मध्ये दाखवलं, की उंदराला थंडी द्या, जखम करा, विष द्या, परिणाम सारखाच: अॅड्रिनल ग्रंथी फुगते, थायमस आकसते, जठरात व्रण पडतात. पुढे यालाच ‘स्ट्रेस’ म्हणू लागले.

पक्ष्यांत थायमसच्या जोडीला आणखी एक पिशवी असते, शेपटीखाली, फॅब्रिशियसची बर्सा. तिचा उपयोग काय हे शतकानुशतकं कोणाला ठाऊक नव्हतं. अमेरिकेत ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने कोंबडीच्या पिल्लांची बर्सा कापून पाहिली. काहीच फरक दिसेना. मग त्याच्या मित्राने, टिमथी चँगने, वर्गात प्रतिपिंडं दाखवायला यातल्याच कोंबड्या वापरल्या, तर त्यांच्यात ती तयारच होईनात! हा शोध १९५६ मध्ये छापला गेला तो कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. ‘सायन्स’ने नाकारला होता. (मोठ्या मासिकांचं असंच असतं.) आपल्या रक्तातल्या ‘बी’ पेशींमधला ‘बी’ या बर्सावरूनच आला.

माणसात कॉर्टिसॉल असतं, तसं पक्षी, सरपटणारे प्राणी आणि बहुतेक बेडकांत कॉर्टिकोस्टेरॉन. ते वाईट नव्हे हं. डबकं आटायला लागलं की काही जातींच्या बेडूकमाशांत हेच वाढतं आणि ते घाईने बेडूक होऊन बाहेर पडतात, चणीने लहान का होईना. धोका होतो ते आठवडेच्या आठवडे चढलेलं राहिलं तर. थायमस आणि बर्सा सुकतात, रक्तातल्या लिम्फोसाइट घटतात आणि हेटेरोफिल वाढतात. या दोन पेशींच्या प्रमाणावरून कोंबडीचा ताण मोजता येतो, हे ग्रॉस आणि सीगल यांनी १९८३ मध्ये दाखवलं.

डोरी ताणानेच गेली असा माझा दावा नाही. पण पिंजरा, विमान, परकी हवा, परकी माणसं हे सगळं तीन महिन्यांत पचवणाऱ्या कोवळ्या पक्ष्याबद्दल शहराने फक्त थर्मामीटरवरून भांडावं? ती गेली तेव्हा हे पेंग्विन अजून विलगीकरणातच होते; लोकांसाठी कक्ष उघडला मार्च २०१७ मध्ये.

१५ ऑगस्ट २०१८ ला इथे पहिलं पिल्लू जन्मलं आणि आठवड्यात गेलं. तेव्हाही वर्तमानपत्रं कोणाचं चुकलं तेच शोधत होती. २०२१ मध्ये मात्र दोन पिल्लं जन्मली आणि जगली. आईबाप तेच सोलहून आलेले, फक्त आता पाच वर्षं इथे रुळलेले.