सीतेचा तास आणि सातबाऱ्याचा उतारा

'सीता' ह्या शब्दाचा मूळ अर्थ नांगराच्या फाळानें जमिनींत पडलेला तास, असा आहे. ऋग्वेदांतील क्षेत्रपतीच्या सूक्तांत ह्या सीतेचें स्तवन आहे, आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शेतखात्याच्या अधिकाऱ्यास 'सीताध्यक्ष' असेंच नांव आहे. ज्या देशानें शेतांतल्या तासास देवी मानलें, त्याच देशानें शेताच्या दप्तरांतून मात्र स्त्रीचें नांव वगळावें, हा विरोध विचार करण्याजोगा आहे. निंदणी, खुरपणी, वेंचणी, बियाण्याची निवड व सांठवण हीं कामें बहुतेक बायकांच्या हातचीं. पण उताऱ्यावरचें नांव पुरुषाचें. २०१७-१८ सालीं देशाच्या ग्रामीण भागांतील काम करणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ७३ शेतींत राबत होत्या. २०१५-१६ च्या कृषिगणनेंत मात्र वहिती खातेदारांमध्यें स्त्रियांचें प्रमाण शेंकडा १४ च्या आंतच भरलें.

ह्या विरोधास महाराष्ट्रांत उघड वाचा फुटली ती १९८६ सालीं. त्या वर्षीं नोव्हेंबरच्या ९ व १० तारखांस नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें शेतकरी संघटनेनें शेतकरी स्त्रियांचें अधिवेशन भरविलें. शरद जोशी (१९३५–२०१५) ह्यांनीं शेतमालाच्या रास्त भावासाठीं उभारलेल्या चळवळींत बायका पूर्वींही उतरल्या होत्या. परंतु त्यांचें स्वतःचें गाऱ्हाणें हा स्वतंत्र विषय म्हणून एवढ्या मोठ्या मेळाव्यापुढें आला तो चांदवडासच. ग्रामपंचायतींच्या निवडणुका स्त्रियांनीं लढवाव्या हा विचार ह्या चळवळीनें पुढें नेला. १९८९ च्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यांतील मेटीखेडा, जळगांव जिल्ह्यांतील विटनेर अशा गांवीं सर्वस्वीं स्त्रियांच्या पंचायती निवडून आल्या. पंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा देणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ सालीं अंमलांत आली, हें ध्यानांत घेतां, येथें गांवें कायद्याच्या पुढें चालत होतीं असें म्हणणें प्राप्त आहे.

ह्याच विचारांतून 'लक्ष्मीमुक्ति'ची मोहीम निघाली. घरच्या लक्ष्मीचें ऋण फेडावें म्हणून शेतकऱ्यानें आपल्या जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करून द्यावा, आणि ज्या गांवांत निदान १०० कुटुंबें असें करतील त्या गांवाचा जाहीर गौरव व्हावा, अशी ही योजना. रामानें त्यागिलेल्या सीतेच्या नांवावर एवढीशी जमीन असती तर? हा प्रश्न सभासभांतून विचारला जाई, आणि ऐकणाऱ्यास तो बरोबर कळे. आम्हांस ह्या योजनेचें मर्म वाटतें तें तिच्या शंभराच्या अटींत. एकट्यादुकट्या शेतकऱ्यानें बायकोस जमीन दिली असती तर चावडीवर त्याची 'बाइलबुद्ध्या' म्हणून थट्टाच झाली असती. शंभर जणांनीं मिळून तीच गोष्ट केली, कीं ती गांवाची अब्रू ठरते. लोकलज्जा, जी एरवीं स्त्रीच्या आड येते, ती येथें तिच्या बाजूनें उभी केली गेली. पुढें १९९२ सालीं शासनानेंही परिपत्रक काढून सातबाऱ्यावर पतीबरोबर पत्नीचें नांव लावण्याची सोय केली.

ह्या योजनेवर आक्षेप घेण्यासारखें कांहीं नाहीं असें नव्हे. ऋण म्हणून दिलें तरी तें पतीच्या मर्जीनें दिलेलें. आणि मर्जी हा हक्काचा पाया नव्हे. ज्याच्याजवळ जमीनच नाहीं अशा भूमिहीनाच्या घरच्या लक्ष्मीस ह्यांतून कांहीं मिळण्याजोगें नव्हतें. शिवाय उताऱ्यावर नांव चढलें म्हणून तेवढ्यानें शेतांत काय पेरावें हें ठरविण्याचा अधिकार बाईच्या हातीं येतो, असेंही नाहीं. हें ओळखूनच संघटनेनें 'सीताशेती'चा पुरस्कार केला. विकतच्या खतांवांचून व औषधांवांचून, घरच्या बियाण्यावर, बाईनें आपल्या तुकड्यांत स्वतःच्या विचारानें शेती करून पाहावी, असा त्याचा आशय होता.

हाच धागा पुढें मराठवाड्यांत निराळ्या रीतीनें उचलला गेला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व धाराशिव (तेव्हांचें उस्मानाबाद) जिल्ह्यांत पुनर्बांधणीच्या कामीं स्त्रियांचे जे गट उभे राहिले, त्यांतून 'स्वयम् शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. दुष्काळाच्या वर्षांत तिनें बायकांस एक साधें मागणें शिकविलें: घरच्या शेतांतला एक एकर आमच्या विचारानें पेरूं द्या. त्या एकरांत एकाच नगदी पिकाऐवजीं कडधान्यें, धान्यें व भाज्या मिळून नाना पिकें आलीं. शेणखत व गांडूळखत आलें. एक पीक बुडालें तरी दुसरें हातीं लागतें, पाणी थोडें लागतें, आणि चूल बाजाराच्या भावावर अवलंबून राहत नाहीं, हें त्या शेतीचें शहाणपण. ह्या कार्यास २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें 'इक्वेटर' पारितोषिक मिळालें.

दोन्ही प्रयत्न शेजारीं ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. लक्ष्मीमुक्तीनें बाईस नांव दिलें, पण निर्णय मिळेलच अशी हमी दिली नाहीं. एका एकरानें निर्णय दिला, पण नांव दिलें नाहीं. धनी हयात आहे तोंवर ही उणीव झांकून जाते. तो गेला कीं ती उघडी पडते. महिला किसान अधिकार मंचानें २०१८ सालीं विदर्भ-मराठवाड्यांतील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील ५०५ विधवांची पाहणी केली, तेव्हां त्यांपैकीं शेंकडा सुमारें ४० जणींस शेतजमिनीचा हक्क मिळालेलाच नव्हता. नांवावांचून पीककर्ज नाहीं, नुकसानभरपाई नाहीं. जी बाई कालपर्यंत मिश्र पिकांनीं जमीन राखीत होती, ती दिराच्या बांधावर मजुरीस जाते, आणि तिनें राखलेली माती व बियाणें तिच्याबरोबरच शेतांतून बाहेर पडतें.

म्हणून चिरस्थायी ग्रामविकास हा केवळ खतपाण्याचा प्रश्न आहे असें आम्ही मानीत नाहीं. तो आधीं नोंदीचा प्रश्न आहे. १९५६ चा हिंदु वारसा कायदा विधवेस वारस मानतोच. मुलीस सहदायादाचा हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं व सर्व देशांत २००५ सालीं मिळाला. उणें आहे तें कायद्याच्या कलमांत नव्हे, गांवाच्या मनांत. आपल्याकडे चावडीवाचनाची रीत आहे. तलाठी सर्वांसमक्ष उतारे वाचून दाखवितो. अशा वाचनाच्या वेळीं, मृत खातेदाराच्या विधवेचें नांव राहून गेलें असतां, भर चावडींत "तिचें नांव कोठें आहे?" असें विचारणारे शंभर जण जेव्हां गांवोगांव निघतील, तेव्हांच लक्ष्मीमुक्तीचें अर्धें राहिलेलें काम पुरें होईल.