१५ ऑगस्ट : योगायोग आणि निवड

दरवर्षी १५ ऑगस्टच्या सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे मिस्साबलिदान आटोपले की आमच्या धर्मग्रामातील भाविक चर्चच्या पटांगणात जमतात आणि तिरंगा फडकतो. सण व स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येणे हा योगायोग, असे आपण सहज म्हणून जातो. इतिहासाची पाने चाळताना मात्र योगायोग कोणता आणि माणसाची निवड कोणती, हे तपासून पाहावेसे वाटते.

१५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील लहानशा चॅपेलमध्ये सात सोबती जमले. इग्नेशियस लोयोला व फ्रान्सिस झेवियर त्यांत होते. त्यांच्यातील एकमेव धर्मगुरू पीटर फेबर यांनी मिस्साबलिदान अर्पण केले आणि सर्वांनी दारिद्र्याचे व यरुशलेम यात्रेचे व्रत घेतले. मरियामातेचा सण त्यांनी जाणूनबुजून निवडला होता. यात्रा घडली नाही. पण त्या सोबत्यांतूनच पुढे येशूसंघ उभा राहिला व १५४० साली पोपमहोदयांनी त्याला मान्यता दिली.

बरोबर पंधरा वर्षांनी, १५ ऑगस्ट १५४९ रोजी, झेवियर जपानमधील कागोशिमा येथे उतरले. हा दिवस त्यांनी नव्हे, वाऱ्यालाटांनी ठरविला. तेथे पेरलेली श्रद्धा छळ सोसूनही टिकली. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. उराकामीचे कॅथेड्रल जमीनदोस्त झाले, हजारो कॅथलिक मृत्युमुखी पडले. सहा दिवसांनी, स्वर्गोन्नयनाच्याच दिवशी, सम्राट हिरोहितो यांनी आकाशवाणीवरून शरणागती जाहीर केली.

त्या शरणागतीचा दुसरा वर्धापनदिन म्हणूनच लॉर्ड माउंटबॅटन यांनी भारताच्या सत्तांतरासाठी १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख निवडली. आपल्या आनंदाच्या दिवसामागे अशी एका परक्या राष्ट्राची राख आहे. आणि त्या दिवशी दिल्लीत उत्सव चालू असता महात्मा गांधी कलकत्त्यात उपवास व प्रार्थना करीत होते, कारण फाळणीचे रक्त वाहत होते.

म्हणून ध्वजवंदनाआधीच्या विश्वासूंच्या प्रार्थनेत आम्ही दोन विनंत्यांची भर घालू इच्छितो : एक उराकामीच्या मृतांसाठी, दुसरी फाळणीत बळी गेलेल्या हिंदू, मुसलमान व शीख बांधवांसाठी. तारखांचा मेळ कुणीही घालो. त्या दिवशी कुणाचे स्मरण करावे, ही निवड आपली आहे.