दिनविशेष : २१ मे १९२२ – एका उपदेशाने पेटलेला वाद

न्यूयॉर्कच्या फर्स्ट प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये या दिवशी हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी उपदेश केला. विषय थेट होता : मूलतत्त्ववादी (जुन्या धर्ममतांचा काटेकोर आग्रह धरणारे) जिंकणार का? गंमत म्हणजे प्रेस्बिटेरियनांच्या व्यासपीठावरचे हे उपदेशक स्वतः बाप्टिस्ट होते. येशूचा कुमारीपासून जन्म, बायबलची निर्दोषता आणि ख्रिस्ताचे पुनरागमन यांवर वेगळे मत असणाऱ्यांनाही मंडळीत जागा हवी, असे त्यांचे म्हणणे. आधाराला त्यांनी बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’मधला धर्मशास्त्री गमलियेल घेतला : देवाचे काम असेल तर ते कोणाला मोडता येणार नाही, म्हणून घाई नको.

आवाहन सलोख्याचे, पण शीर्षकच डिवचणारे! त्यात धनाढ्य रॉकफेलर यांचे प्रसिद्धी सल्लागार आयव्ही ली यांनी उपदेश छापून सुमारे १ लाख ३० हजार प्रती वाटल्या. फिलाडेल्फियाचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक क्लॅरेन्स मॅकार्टनी यांनी ‘अविश्वास जिंकणार का?’ असा उलटा सवाल केला. पुढच्याच वर्षी प्रिन्स्टनचे प्राध्यापक ग्रेशम मेचन यांनी पुस्तक लिहून फॉस्डिक यांच्यासारख्यांचा उदारमतवाद हा ख्रिस्ती धर्माचा प्रकार नसून वेगळाच धर्म आहे, असे ठणकावले. पटो न पटो, दोन्ही बाजूंत सर्वांत नेमका युक्तिवाद मेचन यांचाच.

प्रेस्बिटेरियन व्हा, त्यांची अधिकृत श्रद्धा-घोषणा असलेला वेस्टमिन्स्टर मतांगीकार स्वीकारा, असे फॉस्डिकना सांगण्यात आले. त्यांनी नकार देऊन पद सोडले. मेचन यांनी १९३६ मध्ये वेगळे चर्च स्थापले. मॅकार्टनी मात्र जुन्याच चर्चमध्ये राहिले.