दारांचा गुन्हा, सांध्याला शिक्षा

लंडनची ‘बेंडी बस’, म्हणजे मर्सिडीझ-बेंझची सिटारो जी, ही 18 मीटर लांबीची जोडबस होती. मध्ये हार्मोनियमच्या भात्यासारखा घडीचा सांधा, तीन रुंद दारं, आणि चाकाची खुर्ची किंवा बाबागाडी सरळ आत घेता येईल इतका खाली तळ. जून 2002 मध्ये ती 507 आणि 521 या मार्गांवर आली, पुढे एकूण बारा मार्गांवर पसरली आणि 9 डिसेंबर 2011 च्या रात्री 207 क्रमांकाच्या मार्गावर शेवटची धावली. लंडनच्या जुन्या, वळणावळणाच्या रस्त्यांना ही लांबलचक गाडी मानवली नाही, असं आजही सांगितलं जातं. मला मात्र हा चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार वाटतो. गाडी अडचणीत आली ती लांबीमुळे कमी आणि दारांमुळे जास्त.

या बसमध्ये ड्रायव्हर तिकीट देत नसे. पास, ऑयस्टर कार्ड किंवा आधी काढलेलं तिकीट घेऊन कुठल्याही दाराने चढायचं. त्यामुळे थांब्यावरचा खोळंबा घटला आणि सुमारे 140 माणसं एका खेपेत जाऊ लागली. पण मागच्या दाराशी तिकीट बघणारं कुणी नव्हतं. फुकट्यांचं प्रमाण इतर बसच्या दुपटीहून जास्त निघालं आणि लोक तिला ‘फ्री बस’ म्हणू लागले. 2003-04 च्या हिवाळ्यात तीन गाड्या पेटल्या, तेव्हा ताफा काही दिवस थांबवावा लागला. पण ती आग इंजिनाच्या बाजूची, सांध्याचा तिच्याशी संबंध नव्हता. अपघातांच्या आकड्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दर मैलामागे या बसचे अपघात इतर बसपेक्षा जास्त नोंदले गेले, हे खरं. मात्र ती धावत होती शहराच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांवर, आणि उपनगरातल्या निवांत मार्गांसकट काढलेल्या सरासरीशी तिची तुलना होत होती. चौकात ती अडून राही, हेही मान्य. पण दोन जोडबसच्या प्रवाशांना तीन डबलडेकर लागतात. त्यांच्यामधली अंतरं धरली, तर रस्ता काही मोकळा होत नाही.

मग ती गेली कशी? 9 डिसेंबर 2005 रोजी, म्हणजे हिच्या निरोपाच्या बरोबर सहा वर्षं आधी, मागे उघडा पाय-फलाट आणि कंडक्टर असलेल्या लाडक्या रूटमास्टर या डबलडेकर बसने नेहमीची सेवा संपवली. तो गेल्याचा राग हिच्यावर निघाला. (जुन्या डबलडेकर गेल्यावर मुंबईही हळहळली, तेव्हा तो राग आपल्याला समजू शकतो.) बोरिस जॉन्सन यांनी 2008 च्या महापौरपदाच्या निवडणुकीत जोडबस हटवण्याचं वचन दिलं, जिंकले आणि ते पाळलं.

पण खरा पुरावा पुढचा आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये तिची जागा घ्यायला जो नवा रूटमास्टर आला, त्यालाही तीन दारं होती आणि कुठूनही चढायची मुभा होती. सांधा नाही, लांबी कमी, वर मजला. मागच्या फलाटावर ठेवलेले कर्मचारी 2016 मध्ये खर्चापायी काढले गेले. आणि 2020 मध्ये फुकट्यांचंच कारण देऊन या बसवरही पुढच्याच दाराने चढण्याचा नियम आला.