‘गॅस संपला आहे’ : एका वाक्यामागचा इतिहास

१/ एप्रिल-मेच्या दिवसांत घरातला एसी वारा देतो, पण गारवा देत नाही. तंत्रज्ञ येतो, बाहेरच्या युनिटवर हात ठेवून पाहतो आणि निदान सांगतो : ‘गॅस संपला आहे, भरावा लागेल.’ हे वाक्य इतके परिचयाचे झाले आहे की त्यातील विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. एसीतील वायू हे इंधन नव्हे. तो जळत नाही, झिजत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठून तरी गळला आहे. शीतकरणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी या गळतीचाच इतिहास आहे.

२/ १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेल्या जहाजाने अमेरिकेतील गोठलेल्या जलाशयांचा बर्फ कलकत्त्यात उतरवला. त्याच्या पुढच्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्सने एका यंत्राचे पेटंट घेतले. द्रवाची वाफ होताना ती भोवतालची उष्णता शोषते. तीच वाफ दाबून, थंड करून पुन्हा द्रव करता येते. हे वर्तुळ बंद असल्याने तेच द्रव्य अखंड वापरता येते. आजच्या एसीचे तत्त्व हेच आहे. ‘बंद’ हा त्यातील कळीचा शब्द.

३/ १९०२ मध्ये विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. हेतू माणसांच्या सुखाचा नव्हता. दमट हवेत कागद फुगत असे आणि रंगीत छपाईतील रंग एकमेकांवर नेमके बसत नसत. थंड नळ्यांवरून पुरेशी हवा वाहिली पाहिजे, हा त्या रचनेचा पाया होता. फिल्टर धुळीने तुंबला, तर आजही हाच पाया ढासळतो : हवा अडते, आतल्या कॉइलवर बर्फ जमतो आणि वायू पूर्ण असूनही खोली तापलेलीच राहते.

४/ १९२० च्या दशकात शीतकपाटे घरात शिरली, तेव्हा त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असे. तिन्ही विषारी. बाहेरच्या मोटरने फिरणारा दांडा कॉम्प्रेसरमध्ये जिथे शिरे, तिथले सील झिजले की वायू स्वयंपाकघरात पसरे. त्या काळी ‘गॅस गळला’ याचा अर्थ गारवा गेला एवढाच नव्हता. तो जिवावरचा प्रसंग होता.

५/ बर्लिनमधील एक कुटुंब अशाच गळतीने मृत्युमुखी पडल्याची बातमी अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या वाचनात आली. १९२६ पासून त्यांनी तरुण भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्यासह हलते भागच नसलेल्या शीतकपाटावर काम केले. सील नाही, म्हणून गळती नाही, असा त्यामागचा विचार. पेटंटे मिळाली, नमुनाही तयार झाला. परंतु ते यंत्र बाजारात आले नाही.

६/ १९२७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने दुसरा मार्ग लोकप्रिय केला : मोटर आणि कॉम्प्रेसर एकाच पोलादी कवचात कायमचे बंद करायचे. आजच्या घरगुती एसीच्या कॉम्प्रेसरचे बंद कवच याच परंपरेतले.

७/ तिसरा मार्ग रसायनाचा. गळती थांबत नसेल, तर गळणारा वायूच निरुपद्रवी का असू नये? जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या टॉमस मिजली यांनी १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवली. विषारी नाही, ज्वलनशील नाही. हाच फ्रीऑन. आता गळतीची भीती उरली नाही.

८/ पण गळती उरलीच होती. १९७४ मध्ये मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड यांनी दाखवले की हे स्थिर वायू अखेर वातावरणाच्या उंच थरात पोहोचतात आणि तेथे सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची भयावह घट जगासमोर आली. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला.

९/ फ्रीऑनच्या आद्य प्रकारांच्या तुलनेत ओझोनला कमी घातक असलेला आर-२२ भारतीय घरांत दीर्घकाळ वापरला गेला. मात्र शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट उष्णता अडवतो. नव्या एसींत रूढ झालेला आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही आणि त्याचा हा आकडा ६७५ च्या आसपास आहे. पण तो सौम्य ज्वलनशील आहे. मिजलींनी दूर केलेला धोका अंशतः परत आला. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने आर-३२ सारख्या वायूंच्या वापरावरही टप्प्याटप्प्याने मर्यादा आणल्या.

१०/ म्हणून ‘गॅस संपला’ या निदानापूर्वी काही गोष्टी तपासल्या जाणे आवश्यक ठरते. फिल्टर स्वच्छ आहे का? बाहेरच्या युनिटची जाळी धुळीने भरली आहे का? त्याचा पंखा आणि कॉम्प्रेसर सुरू होतात का, की केवळ कपॅसिटर निकामी झाला आहे? हे सारे ठीक असेल, तरच संशय वायूवर यावा. आणि वायू खरोखरच कमी असेल, तर आधी गळती शोधायची : तांब्याच्या नळ्यांच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे जागा दाखवतात. सांधा दुरुस्त करायचा, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा व ओल काढायची आणि मगच कंपनीने ठरवलेल्या वजनाइतका वायू भरायचा. वायू ज्वलनशील असल्याने हे काम प्रशिक्षित माणसाचेच.

११/ गळती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरला, तर खोली काही महिने थंड राहते, पैसे पुन्हा जातात आणि आधीचा सारा वायू आकाशात पोहोचलेला असतो. १९२० च्या दशकात गळतीची किंमत त्याच घरातील माणसे मोजत. आज ती इतकी दूरवर आणि इतक्या जणांत वाटली जाते की ज्याच्या घरून वायू गळला, त्याला ती जाणवतही नाही.