काळजाची ख्याती आणि मूत्रपिंडाचा रोगी

अशक्त माणसाच्या अंगी रक्त भरावे म्हणून त्याला काळीज खाऊ घालावे, ही समजूत आपल्या घराघरांतून आजही नांदते आहे. मूत्रपिंडाचा रोगी फिकट दिसू लागला, जिना चढताना त्याला धाप लागू लागली, की कोणीतरी आपुलकीने काळजाचा रस्सा घेऊन येतोच. या आपुलकीविषयी आम्हांला आदर आहे. परंतु काळजाला ही ख्याती लाभली कशी, हे पाहण्याजोगे आहे.

तिच्यामागे केवळ आजीबाईचा बटवा नाही. नोबेल पारितोषिकही आहे. १९२० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतील जॉर्ज व्हिपल यांनी, रक्त काढून घेतल्यामुळे पांडुर झालेल्या कुत्र्यांना निरनिराळे अन्न देऊन पाहिले. काळीज सर्वांत गुणकारी ठरले. त्यावरून बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट व विल्यम मर्फी यांनी 'पर्निशस ॲनिमिया' या तेव्हा प्राणघातक असलेल्या विकाराच्या ४५ रोग्यांना रोज भरपूर काळीज खाऊ घातले आणि १९२६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मरणाच्या दारातली माणसे उठून बसली होती! १९३४ साली तिघांना नोबेल मिळाले. (मायनॉट स्वतः मधुमेही, इन्शुलिन वेळेवर हाती आले नसते तर ते या शोधापर्यंत जगलेच नसते.) गंमत अशी की कुत्रे सुधारले होते काळजातील लोहाने, आणि माणसे वाचली ती ब-१२ जीवनसत्त्वाने. हे जीवनसत्त्व १९४८ साली वेगळे काढण्यात आले.

म्हणजे पांडुरोग हा एक रोग नव्हे. आपल्या मुंबईतही हे दिसून आले. १९२८ साली येथे आलेल्या डॉ. लुसी विल्स यांना गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगावर 'मार्माइट' हा यीस्टचा स्वस्त अर्क लागू पडलेला आढळला. तेथे उणीव होती फोलेटची.

मूत्रपिंडाच्या रोग्याचे दुखणे याहून वेगळे. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली या विकाराचे वर्णन केले. पण रक्त का आटते, याचा उलगडा होण्यास शतकाहून अधिक काळ गेला. हाडांतील मगजाला रक्तपेशी घडविण्याची आज्ञा देणारे एरिथ्रोपोएटिन हे द्रव्य मुख्यतः मूत्रपिंडच तयार करते, असे १९५७ साली शिकागोत दिसून आले. आज्ञा देणाराच दुबळा झाला, तर नुसता माल पुरवून काय होणार? पुढे युजीन गोल्डवॉसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमधील रोग्यांच्या तब्बल २५५० लिटर मूत्रातून या द्रव्याचे काही मिलिग्रॅम शुद्ध रूपात मिळविले; ते वर्ष १९७७. औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८९ साली. आज हे इंजेक्शन आपल्याकडेही मिळते. लोह कमी असल्यास तेही रक्त तपासून गोळीने वा शिरेतून देतात.

उलट १०० ग्रॅम काळजात सुमारे ३०० ते ४०० मिलिग्रॅम फॉस्फरस असतो. दुबळे मूत्रपिंड तो पुरेसा बाहेर टाकू शकत नाही. रक्तात साचून तो हाडे ठिसूळ करतो व रक्तवाहिन्या कठीण करतो. काळजात ओतप्रोत असलेले अ जीवनसत्त्वही अशा रोग्याच्या अंगात साठत जाते. काळीज, गुर्दे यांमुळे युरिक आम्लही वाढते. नाताळच्या सोरपोतेलात तर काळजाच्या जोडीला मीठही आलेच.

म्हणून मांसाहार सरसकट बंद करावा काय? तसे नव्हे. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने बेताची ठेवण्यास सांगतात. सुरू झाल्यावर ती उलट वाढवावी लागतात, आणि त्यासाठी अंड्याचा पांढरा बलक उत्तम. सोरपोतेलाचा एखादा घास चालेल की नाही, हे रक्ताचा ताजा अहवाल पाहून डॉक्टरांनीच सांगावयाचे आहे. ते त्यांना नाताळपूर्वीच विचारून ठेवावे.