भावनिक प्रौढत्व

वयाबरोबर प्रौढत्व आपोआप येते, हा समज फारसा खरा नाही. स्वतःचा राग, भीती वा दुःख ओळखणे आणि तरीही त्यांच्या भरात निर्णय न घेणे, याला भावनिक प्रौढत्व म्हणता येईल. रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १८७३ मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. पती शिकवीत, तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया त्या शिक्षणावर रागावत, टोमणे मारीत. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. पण अभ्यासही सोडला नाही. या मौनाचा गौरव मात्र बेताने करावा. त्या काळच्या सुनेला बोलण्याची मुभा होतीच कुठे? प्रौढत्व दिसते ते पुढे, लेखणी हाती आल्यावर. आठवणींत त्यांनी तो जाच लपविला नाही आणि त्याचा सूडही उगवला नाही.

१८९३ मध्ये रानडे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईस आले. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रमाबाई सुमारे वर्षभर एकांतात राहिल्या. मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले, तेव्हा त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. गिरगावलगतच्या गावदेवीत ही संस्था आजही आहे. वर्षभरात पुण्यातही सेवासदन उभे राहिले, आणि ज्या शिक्षणासाठी बोलणी खाल्ली, त्याचे वर्ग तेथे विवाहित स्त्रिया व विधवांसाठी भरू लागले.